अडलेलं गिऱ्हाईक

‘काढ’ हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला आणि लाईट गेली. दोन अक्षरी शब्द. दीड महिना तो माझ्या घशात बसून होता. सकाळी जावयाचा फोन आल्यावर मी त्याला कसाबसा वर आणला होता. राजुरीपासून आळेफाट्यापर्यंत काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दोन माणसांच्या मध्ये आवळून बसलो असताना जप केल्यासारखा तोच मनात घोकत आलो होतो, काढ, प्राची, दोन तिकिटं काढ, जो असेल तो भाव. आणि नेमकी काचेवर आकड्यांची ओळ उमटणार तेवढ्यात प्राचीच्या टेबलावरचा कॉम्प्युटर एकदा थरथरला, काचेच्या मधोमध पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला. वरचा पंखा सवयीनं आणखी सात-आठ फेरे फिरला आणि थांबला. “आज शनिवार ना, तात्या, चारशिवाय नाही यायची,” प्राची म्हणाली. “बॅटरी होती ती दिवाळीतच मेली. बसा, नाहीतर फाट्यावर चक्कर मारून या.” मी घड्याळात पाहिलं. तीनला दहा कमी होते. खरं सांगायचं तर मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग लाज वाटली. पण आधी सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कसं म्हणू? तासाभरात भाव थोडा उतरलाच तर, हाही विचार तेवढ्यात मनात येऊन गेला होता.

शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर भागू, माझी बायको, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. नावानं ती भागू, पण घरातली खरी भागूबाई मीच, हे आता चौपन्नाव्या वर्षी कबूल करायला हरकत नाही. लाईट गेली तरी तिनं मान हलवली नाही. दीड महिन्यात ती माझ्याबरोबर या गाळ्यात पाच वेळा आली होती आणि पाचही वेळा अशीच समोरच्या भिंतीवरच्या विमानाच्या चित्राकडे बघत बसली होती. ते विमान ढगांच्या वर आहे आणि त्याच्या पंखावर कुणीतरी पेनानं ‘झेरॉक्स एक रुपया’ असं लिहिलंय. गाळा एवढासा. टेबल, तीन खुर्च्या, झेरॉक्सचं यंत्र, तिकिटं छापायचा प्रिंटर, आणि आम्ही तिघं. दाराबाहेर नगर-कल्याण रस्त्यावरून ट्रक गेला की काचेचं कपाट वाजायचं. प्राची ही पिंपरी पेंढारच्या गेणभाऊची मुलगी. गेणभाऊ माझा बाजारातला जुना मैतर, त्याच्याच ओळखीनं मी इथं यायला लागलो. पोरगी बीकॉम झाली, लग्न होऊन फाट्यावर आली आणि नवऱ्याच्या गाळ्यात तिनं हे तिकिटांचं काम सुरू केलं. आमच्याकडच्या लोकांना विमानाची तिकिटं हवीतच किती? पण हल्ली लागतात. कुणाचा मुलगा बंगलोरला, कुणाची मुलगी दुबईला. आमची अक्षदा गुवाहाटीला.

एकुलती एक मुलगी, आणि दिली ती सैन्यातल्या माणसाला. अमृत माणूस चांगला, तक्रार नाही. पण गुवाहाटी हे गाव मी आधी फक्त शाळेच्या नकाशात पाहिलं होतं, तेही उजव्या कोपऱ्यात, मास्तरांची छडी पोचायची नाही अशा जागी. तिला आता नववा लागलाय. रीतीप्रमाणं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण गर्भाची वार खाली आहे, प्रवास अजिबात करायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरणीनं सातव्यातच सांगितलं. मग आम्हीच तिकडं जायचं ठरलं. रेल्वेनं तीन दिवस बसायचं तर भागूची कंबर साथ देत नाही. म्हणून विमान, मुंबईहून कलकत्ता, तिथं बदलून गुवाहाटी. बाळंतपणाची तारीख डिसेंबरच्या दहाची होती, आम्ही पाचला निघायचं म्हणत होतो. आज सकाळी अमृतचा फोन आला की डॉक्टर थांबायला तयार नाहीत, बुधवारीच ऑपरेशन करून मूल काढणार. “मामा, तुम्ही तरी आता लवकर या,” असं तो म्हणाला. ‘तुम्ही तरी’ म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण सैन्यातली माणसं बोलतात तशी असं समजून मी हो-हो म्हटलं आणि फोन ठेवला. भागू दारात उभी होती. तिनं चुलीवरचं आंधण उतरवलं आणि पातळ बदलायला आत गेली.

विमानाचं तिकीट केव्हा काढावं याबद्दल माझं एक मत होतं. होतं म्हणतो, कारण अजून आहे की नाही ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षं मी नारायणगावला टोमॅटो घातलाय. सकाळी दहाला जो शेतकरी आपल्या कॅरेटला हात लावू देत नाही, तोच संध्याकाळी सहाला व्यापाऱ्याच्या टेम्पोमागं न्या हो, न्या हो करत पळतो, आणि सातला तोच माल रस्त्याच्या कडेला ओतलेला असतो नि त्यात गाई तोंड घालतात. नाशवंत मालाचं असंच असतं. आणि विमानातल्या रिकाम्या सीटइतका नाशवंत माल जगात दुसरा नसेल. विमान उडालं की ती सीट गाईलासुद्धा घालता येत नाही. तेव्हा शेवटच्या चार दिवसांत हे लोक पाय धरत येणार, यात मला काडीची शंका नव्हती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही पहिल्यांदा इथं आलो तेव्हा मी हे सगळं प्राचीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “विमानाचं उलटं असतं, तात्या. आधी येईल त्याला स्वस्त, शेवटी येईल त्याला महाग.”

“ते कसं काय?” मी विचारलं.

“शेवटी येणारा अडलेला असतो ना. कुणाच्या घरी कुणी गेलेलं असतं, कुणाचं ऑपरेशन असतं. तो सांगाल तेवढे देणार, हे त्यांना ठाऊक असतं.”

मी हसलो. गेणभाऊच्या पोरीनं मला बाजार शिकवावा! त्या दिवशी माणशी चार हजार दोनशे होते. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. आणि पुढच्या आठवड्यात काय झालं असेल? तीन हजार नऊशे. उतरला! मी टेबलावर हात आपटला, “बग! म्हणलं न्हवतं?” त्या आनंदात मी दोघींना तिथंच बसवून समोरच्या टपरीवर चहाला गेलो. तिथं राजुरीचाच संपत भेटला, त्याला मी सगळी हकिगत सांगितली, की नऊशेचं आठशे आणि आठशेचं पाचशे कसं होणार. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा प्राचीचा प्रिंटर करकरत होता आणि भागू कनवटीला काहीतरी खोचत होती. मशेरीची पुडी असेल. मी म्हटलं चल, आणि ती लगेच उठली. त्यानंतर भाव खाली आला नाही. चार हजार सहाशे, साडेपाच, दिवाळी झाली तसे सात. दर खेपेला आकडा वाचून प्राची माझ्याकडं न बघता भागूकडं बघायची, आणि मी म्हणायचो, “थांबू अजून.”

कुणी म्हणेल, म्हातारा चिकट आहे. चिकट मी नाही. सबंध दीड महिना दोन्ही तिकिटांचे पैसे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होते, आताही आहेत, दर खेपेला मी ते घेऊन येतो आणि घेऊन जातो. पैशांचा प्रश्नच नव्हता. पण चार दोनशेला नको म्हटलेलं तिकीट पाच हजारांना कुठल्या तोंडानं घ्यायचं? आणि पाचला नको म्हटलं ते सातला? दर खेपेला मी एक दार आपल्याच हातानं लावून घेत होतो, आणि पुढच्या खेपेला ते उघडायचं म्हणजे आधीच्या सगळ्या खेपांचा मूर्ख ठरायचं. हे असं कुणाला समजावून सांगता येत नाही. घरी जेवताना भाकरीचा घास हातात राहायचा आणि मी मनातल्या मनात त्या विमान कंपनीच्या कुणा माणसाशी बोलत असायचो, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, की बाबा रे, पाच हजारावर ये, मी आत्ता घेतो, तुझंही राहू दे आणि माझंही राहू दे. भागू म्हणायची, “जेवा की.” तर मी तिच्यावरच खेकसायचो.

याची सुरुवात अठ्ठ्याण्णव साली झाली, असं आता या बंद पंख्याखाली बसल्यावर वाटतंय. त्या साली मी कांदा विकला नाही. सगळ्या राजुरीनं उन्हाळ्यातच विकला, मी आमच्या कुडाच्या बराखीत भरून ठेवला आणि थांबलो. श्रावण गेला, गणपती गेले, लोक हसायला लागले. आणि दिवाळीच्या तोंडाला कांद्याला जो भाव आला तो आमच्या बापजाद्यांनी ऐकला नव्हता. एका दिवसात मी शहाणा झालो. आण्याच्या पठारावरून माणसं यायची, पिंपरी पेंढारहून यायची, ओट्यावर बसायची आणि विचारायची, “सोपानभाऊ, इकावा का थांबावं?” मी विडीचा झुरका घेऊन आभाळाकडं बघायचो. मला काही दिसत नसायचं, पण लोकांना वाटायचं दिसतंय. मी म्हणायचो, “थांबा.” विका म्हणायला मला भीती वाटायची, कारण विकल्यावर भाव चढला तर माझं नाव जाणार. थांबण्यात नाव जात नाही, थांबलेल्या माणसाला अजून आशा असते. त्यानंतरच्या सहा सालांत चार वेळा माझाच कांदा बराखीत सडला. आशेचा वास काय असतो तो भागूला विचारा. आषाढात ती खाली बसून हातानं सडका कांदा वेगळा करायची, पाणी सुटलेला, बोटं रुतणारा. तो वास साबणानं जात नाही. लग्नाकार्यात बायका हळदी-कुंकवाला बोलवायच्या तेव्हा ती हात पदराखाली ठेवून बसायची, आणि मी पुरुषांच्या पंगतीत बाजारावर बोलत असायचो.

तिचा स्वतःचा म्हणून एकच वाफा होता, बांधाकडेचा. त्यातला कांदा काढला की दुसऱ्या दिवशी ती तो फाट्याच्या बाजारात नेऊन असेल त्या भावाला देऊन मोकळी व्हायची. मी तिची टिंगल करायचो, की तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असली की व्यापाऱ्यांच्या माड्या उठतात. ती म्हणायची, “माजं काम झालं. निजायला मोकळी.”

“पोर अडली तर काय करायचं वो?” भागू अचानक म्हणाली. मी दचकलो. तिनं चित्रावरची नजर काढली नव्हती. प्राची कपाटातल्या फायली उगाच सरळ करत होती, ती थांबली. “डॉक्टर हाईत तिथं,” मी म्हणालो. “आता कुणी अडत न्हाई. पोट फाडून काडत्यात.” ती म्हणाली, “व्हय.” अडली. बाई अडली की पूर्वी बैलगाडी जुंपून नारायणगावला न्यायचे, वाटेतच कितीकजणी गेल्या. शब्द तोच, आणि मी मात्र तो आयुष्यभर बाजारात ऐकला. माझा बाप रखमाजी बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली करायचा. बेल्ह्याला सोमवारी बैलांचा सौदा तोंडानं होत नाही. उपरण्याखाली हात घालायचा, घेणाऱ्यानं देणाऱ्याची बोटं धरायची, एक बोट म्हणजे शंभर किंवा हजार, ज्याचं त्याला कळतं, आणि भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोन तळहातांतच राहतो. मी बापाच्या मांडीला मांडी लावून बसायचो. तो म्हणायचा, “सोपाना, बोटं काय सांगत्यात त्येच्यावर जाऊ नगं. तळहात बग. घाम आला की समज गिऱ्हाईक अडलंय. मग एक बोटबी सोडायचं न्हाई.” एकदा एका माणसाचा पेरणीच्या तोंडावर बैल मेला होता. त्याचा हात उपरण्याखालून बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत ओला होता. बापानं त्याच्याकडून सांगेल ते घेतलं आणि घरी येताना मला भेळ घेऊन दिली. मला त्या भेळेची चव अजून आठवते, चांगली होती.

मग मी आता खुर्चीवर बसल्या बसल्या हळूच माझा हात पँटला पुसला. इथं उपरणं नाही, समोर हात नाही, त्या काचेला माझा घाम कसा कळणार? पण कळतोच. मी किती वेळा येऊन विचारून गेलो ते त्या यंत्राला कळत असेल, असं मला हल्ली खरंच वाटतं. मी प्राचीला तसं एकदा विचारलंही, तर ती हसली आणि मग विचारात पडली.

ही बोटांची भाषा मी भागूला शिकवली होती. लग्न झालं तेव्हा घरात अकरा माणसं. माझी आई साळुबाई असताना सुनेनं नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. मी चहा घ्यायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जायचो, ती पदराखालून कप पुढं करायची आणि तेवढ्यात मी तिचं बोट धरायचो. एक म्हणजे मळ्यात ये. दोन म्हणजे आज जमायचं नाही. तिला ते इतकं पटकन आलं की मला वाटायचं ही बेल्ह्याला बसली असती तर बापाचं दुकान बंद झालं असतं. तिचं माहेर आंबेगाव तालुक्यातलं पारगाव. मंगळागौरीला माहेरी गेली आणि परत आली त्या दिवशी कप घेताना तिनं माझी तीन बोटं धरून दाबली. तीन म्हणजे काय ते ठरलं नव्हतं. मी दिवसभर बैलांमागं तेच करत राहिलो, तीन काय, तीन काय, आणि औत वळवताना एकदम डोक्यात उजेड पडला. तिसरा महिना. मी औत तसंच टाकून घरी पळत आलो, आणि आईनं विचारलं, “काय रं, साप निगाला का?” ती अक्षदा. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला नंतर झाला नाही, कांद्याच्या त्या दिवाळीतसुद्धा नाही. पुढं माणसं वेगळी निघाली, आई गेली, घर मोकळं झालं, मोठ्यानं बोलायला हरकत उरली नाही, आणि बोटं सुटली. किती वर्षं झाली, वीस तरी असतील.

आणि दोन वर्षांमागची गोष्ट मी टाळतोय, पण या गाळ्यात तिला दुसरीकडं जायला वाट नाही. अक्षदा तेव्हाही गरवार होती, पाचव्यात काहीतरी बिघडलं, झोपून राहायला सांगितलं. भागू म्हणाली, मी जाते. मी म्हणालो, आठ दिवस थांब. बराखी भरलेली होती, भाव हलायला लागला होता, व्यापारी यायचे होते, ती नसेल तर कांदा निवडणार कोण? आठ दिवस, फक्त आठ दिवस. तिनं पिशवी भरून ठेवली होती, ती खुंटीला तशीच राहिली. आठाचे बारा झाले. तेराव्या दिवशी फोन आला तेव्हा तो मीच उचलला होता, पण अक्षदा म्हणाली, “आईला द्या.” भागूनं फोन कानाला लावला, पलीकडून काहीतरी बारीक आवाज येत होता. “आई, आता नको येऊ” एवढं मला उभ्या जागी ऐकू आलं. भागूनं फोन ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यातले कपडे घडी मोडून फडताळात ठेवले आणि बराखीत जाऊन कांदा निवडायला बसली. मी मागोमाग गेलो. दारात उभा राहिलो. आत इतका वास होता की डोळ्यांत पाणी येत होतं, तिच्याही आणि माझ्याही, त्यामुळं कोण रडतंय ते कळायला मार्ग नव्हता. मला तेव्हा तिचा हात धरायचा होता. मी धरला नाही. त्या साली कांदा चांगल्या भावाला गेला, हे कुणाला सांगायचं नसतं.

बाहेर एक ट्रक गेला, कपाट वाजलं, आणि वरच्या पंख्यानं एक झटका घेतला. चारला पाच कमी असतानाच लाईट आली. प्राचीनं बटण दाबलं. यंत्र जागं व्हायला आपला वेळ घेतं, मग फोनच्या तारेतून ते किंचाळतं, मग पुन्हा थांबतं. मी खुर्ची पुढं ओढली. मी ठरवलं होतं. आता काचेवर काहीही येऊ दे, मी डोळे मिटून म्हणणार, काढ. बुधवारी पोरीचं ऑपरेशन आहे, मी काही दगड नाही. काचेवर निळी पट्टी आली, मग आकडे एकेक करून उमटले. प्राचीनं ते वाचले नाहीत. ती भागूकडं बघत राहिली.

“किती?” मी विचारलं.

“सोमवारच्या विमानात दोन सीटा राहिल्यात, तात्या. अकरा हजार चारशे.”

तेवढ्यात माझ्या मांडीवर काहीतरी आलं. भागूचा पदर होता, आणि त्याखाली तिचा हात. मला वाटलं घाबरली. मी तिचा हात धरायला गेलो, पण तिनंच माझा धरला. खरबरीत, कांद्याचा, ओळखीचा. तिची बोटं माझ्या बोटांवरून फिरली आणि त्यातलं एकच धरून तिनं दोनदा दाबलं, सौदा पक्का करताना दाबतात तसं. एक. मी पुढच्या बोटाची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. एक म्हणजे काय? एक हजार? मळ्यात ये? मी तिच्याकडं वळलो तर दुसऱ्या हातानं तिनं कनवटीचा कागद काढून टेबलावर ठेवला होता. घड्या पडून पडून मऊ झालेला, कडेला हळद लागलेला. मी चष्मा लावला. मुंबई ते कलकत्ता, कलकत्ता ते गुवाहाटी. सोमवार, सत्तावीस नोव्हेंबर. नाव एकच, भागू सोपान. भाव तीन हजार नऊशे, आणि तारीख त्या दिवशीची, ज्या दिवशी मी टपरीवर संपतला बाजार समजावून सांगत होतो.

“मी काकूंना म्हटलं होतं, तात्यांना सांगा म्हणून,” प्राची खाली बघून म्हणाली.

“सांगितलं असतं तर थांब म्हणलं असतं,” भागू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मी भांडलो असतो. “माज्या वाफ्याचं पैसं व्हतं. मी म्हणलं, आठ-धा रोज आदीचंच दे, पोरीचं मला ठावं हाय. कलकत्त्याला अमृतच्या वळखीची बाई येनार हाय इमान बदलून द्यायला. मुंबईपातुर पप्पू सोडतोय.”

पप्पू, माझा पुतण्या. म्हणजे पप्पूला माहीत होतं. अमृतला माहीत होतं, म्हणून तो ‘तुम्ही तरी’ म्हणाला. दीड महिना माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ही बाई मला भावाची वाट बघताना बघत होती, तिकीट कनवटीला लावून. “मग माजं का न्हाई काढलं?” मी विचारलं, आणि माझा आवाज मला लहान मुलासारखा ऐकू आला.

“तुमचं तुमी काढनार व्हता ना,” ती म्हणाली. “सोमवारी बरुबर आलात तर मला लई बरं वाटंल. खरंच सांगते. पन मी आता थांबायची न्हाई.”

प्राचीनं माउसवर हात ठेवला होता. “काढू, तात्या?” तिनं विचारलं. दोघी माझ्याकडं बघत होत्या. पैसे खिशात होते, मला ते छातीशी लागत होते. शब्द दोन अक्षरी, तो जिभेवर होता, त्याची धार मला दातांना लागत होती. अक्षदा बुधवारी टेबलावर असेल आणि दारात बघेल तेव्हा आईच्या मागं मी असेन किंवा नसेन, एवढाच तो प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. काचेवरचा अकरा हजार चारशे हा आकडा हलत नव्हता. मी तोंड उघडलं.

“उद्या किती व्हईल गं?” मी विचारलं.

पदराखाली माझा तळहात घामानं भिजला होता. भागूनं तो पदरानं नीट पुसला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसला, आणि हात सोडला.